वर्गणी, जर्सी आणि घरातला डबा

मैत्रिणींनो,

या खेपेला लोणच्यावरच्या बुरशीची आणि नळाच्या तोटीवर चढणाऱ्या क्षारांची पत्रं बाजूला ठेवली आहेत. रागावू नका, त्यांची उत्तरं पुढच्या अंकात नक्की देते. पण एक निराळंच पत्र हाती आलंय, आणि ते वाचल्यापासून माझं लक्ष दुसऱ्या कशात लागेना. पत्र आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावाहून आलं आहे. लिहिणारी म्हणते, "ताई, नावगाव छापू नका, इथं सगळे सगळ्यांना ओळखतात." बरोबरच आहे तिचं.

तर गोष्ट अशी. त्यांच्या गावात पोरांचा एक फुटबॉल क्लब आहे. तिचे यजमान लग्नाआधी त्यात खेळायचे. "गोलकीपर होते ताई, अजूनही वरून काही पडलं की आधी दोन्ही हात पुढं जातात," हे तिचंच वाक्य. इतकी वर्षं गावातले एक व्यापारी गृहस्थ क्लबचं सगळं बघायचे. चेंडू, जर्सी, बाहेरगावी सामन्याला जायचं गाडीभाडं, सगळं त्यांच्या गल्ल्यातून. ते वारले. मुलांनी धंदा सुरतेला हलवला. आणि क्लब एकदम उघड्यावर आला. मैदानाला कुंपण नाही, एका बाजूला मिरचीची पथारी पडते, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टर उभे राहतात, आणि आता ती जागाच दुसऱ्या कशाला तरी जाणार अशी कुजबुज आहे. मग जुने खेळाडू आणि वर्षानुवर्षं मैदानाच्या कडेला उकिडवे बसून सामने बघणारे लोक जागे झाले. क्लब वाचवायचाच! रोज रात्री हिच्याच ओट्यावर बैठक. चहा अर्थातच हिनं करायचा.

इथपर्यंत तिची तक्रार नाही. पण धाकट्याच्या क्लासच्या फीसाठी तिनं डाळीच्या डब्यामागे ठेवलेले पाच हजार रुपये यजमानांनी न विचारता वर्गणीत देऊन टाकले. वर आता म्हणतात, तुझ्या बचत गटातून वीस हजार कर्ज काढ, क्लब फेडील. सासूबाई म्हणतात, माझ्या लेकाला दारू नाही, पत्ते नाहीत, एवढी एकच हौस, करू दे की. शेजारीण म्हणते, चेंडूमागं पळून कुणाचं पोट भरलंय? "ताई, मी आडमुठी आहे का?"

नाहीस गं बाई. पण तुझे यजमानही वेडे नाहीत. आणि दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असल्या की संसारात पंचाईत होते, ती तुझी झाली आहे.

आधी यजमानांची बाजू घेते. आपला मुलगा संध्याकाळी पाच ते सात कुठे आहे, कुणाबरोबर आहे, हे आईला ठाऊक असणं ही केवढी मोठी सोय आहे! क्लब बंद पडला तर ती पोरं घरी बसून अभ्यास करतील अशी कुणाची कल्पना असेल तर तिनं आपल्याच घरात डोकावून पाहावं. मोबाईल नाहीतर नाका. आणि खेळही असा, की एका चेंडूवर बावीस पोरं खेळतात. क्रिकेटसारखी बॅट नको, पॅड नकोत. नागपूरचे विजय बारसे सर पाहा. झोपडपट्टीतली पोरं पावसात एक फुटकी बादली लाथाडताना त्यांना दिसली, त्यांनी त्यांना चेंडू दिला, आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉलची केवढी मोठी चळवळ उभी राहिली. २०२२ साली आलेला 'झुंड' सिनेमा तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिला असेल, तो त्यांच्यावरूनच. आणि १५ सप्टेंबर २०१७ आठवतो का? सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक त्या ऑक्टोबरात भारतात व्हायचा होता, म्हणून सरकारनं महाराष्ट्रभर एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा असा बेत केला होता. त्या दिवशी चेंडूला पाय लावलेली कितीतरी पोरं आज बाप्ये झाली असतील.

आता कोल्हापूरकडे चला. महाराष्ट्रात फुटबॉलवर जीव टाकणारं गाव कुठलं म्हणाल तर ते. तिथले संघ तालमींचे आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, अशी त्यांची नावं. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. गणपतीही तिचाच, पेठेतलं भांडण मिटवायचं तेही तिथंच, आणि फुटबॉलचा संघही तिचाच. सामना असला की शाहू स्टेडियम भरून जातं. कुणाच्या घरी कुठला रंग हे लग्न जमवतानाही निघत असेल, अशी माझी आपली एक शंका! तिथलाच रिक्षावाल्याचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ च्या त्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

हे सगळं गोड आहे असं नाही हं. याच कोल्हापुरात दोन पेठांच्या समर्थकांनी एकमेकांवर दगड उचलल्याचे, पोलिसांना मध्ये पडावं लागल्याचे प्रकारही झाले आहेत. पण एक गोष्ट तिथं शिकण्यासारखी आहे. संघ एका माणसाचा नाही, पेठेचा आहे. एखादा मोठा देणगीदार गेला तर चणचण होते, पण तालीम काही त्याच्याबरोबर जात नाही. तुझ्या गावात नेमकं हेच राहून गेलं. त्या व्यापारी गृहस्थांचे उपकार आहेतच, पण इतकी वर्षं कुणाला वहीत एक ओळ लिहावी लागली नाही, आणि कुणाला एक रुपया द्यावा लागला नाही.

एका खांबावरचा तंबू मोठमोठ्यांचाही पडतो. मुंबईचा महिंद्र युनायटेड घ्या. १९६२ पासूनचा संघ, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला, पाठीशी एवढी थोरली कंपनी. २०१० साली कंपनीनं संघ बंद करायचं ठरवलं आणि झाला बंद. गोव्यात तर फुटबॉल म्हणजे जीव की प्राण, तिथं २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या तीन क्लबांनी फेडरेशनच्या नव्या रचनेवर नाराज होऊन राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. मालकांची कारणं त्यांच्या दृष्टीनं बरोबर असतील, मी त्यात पडत नाही. पण गॅलरीत बसून ओरडणाऱ्या माणसाला कुणी विचारलं? ज्याचा गल्ला त्याचा निर्णय.

आता जरा लांबची गोष्ट सांगते, विलायतेतली. कंटाळू नका, तुमच्या-माझ्या घरात घडावी तशी आहे.

मँचेस्टरजवळ बरी नावाचं गाव आहे. कापडगिरण्यांचं जुनं गाव, आपल्याकडच्या अमळनेरसारखं म्हणा ना. तिथला फुटबॉल क्लब १८८५ सालचा. १९०० आणि १९०३ अशी दोनदा त्यांनी इंग्लंडची मानाची ढाल, म्हणजे एफ. ए. कप, जिंकलेली. पुढे मालक बदलत गेले. मैदान गहाण पडलं. डिसेंबर २०१८ मध्ये सबंध क्लब एका नव्या मालकाला एका पौंडाला विकला गेला. एक पौंड! भाजीच्या जुडीच्या भावात. कर्ज मात्र होतं तसंच राहिलं. शेवटी लीगनं मुदत घातली, पैशांची सोय दाखवा, नाहीतर बाहेर व्हा.

त्या शेवटच्या दिवशी, २७ ऑगस्ट २०१९ ला, गावातले लोक काय घेऊन मैदानावर गेले असतील? झाडू, बादल्या आणि फडकी! पुढचा सामना झालाच तर मैदान स्वच्छ असावं म्हणून शेकडो माणसं खुर्च्या पुसायला आली. क्लबच्या एक माजी संचालिका, वडीलही त्याच क्लबचे जुने खेळाडू, त्या काही दिवस आधी तिथल्या पाण्याच्या पाइपाला स्वतःला साखळीनं बांधून घेऊन उभ्या राहिल्या होत्या. मी हे वाचलं तेव्हा मला दिवाळीच्या आधी, घर विकायला निघालं असतानाही भांडी घासून लख्ख करणाऱ्या आमच्या एका नातेवाईक बाई आठवल्या. पण संध्याकाळी क्लब लीगमधून काढला गेलाच. १८९४ पासून तो त्या लीगमध्ये होता. खुर्च्या पुसल्यानं गहाणखत पुसलं जात नाही.

पुढचं आणखी आपल्या ओळखीचं आहे. गावात दोन तट पडले. एक म्हणाला, जुनं मैदान सोडवू. दुसरा म्हणाला, ते राहू दे, नवा क्लब काढून खेळायला तर लागू. थेट भाऊबंदकी! पहिल्या तटानं सरकारी मदत आणि देणग्या मिळवून २०२२ साली मैदान विकत घेतलं. म्हणजे यांच्याकडे मैदान पण संघ नाही, त्यांच्याकडे संघ पण मैदान नाही. एकत्र यायचं पहिलं मतदानही थोडक्यात फसलं. दुसऱ्या खेपेला, २०२३ साली जमलं, आणि चार वर्षांनी त्या मैदानावर बरी क्लब पुन्हा खेळला, कितीतरी पायऱ्या खालच्या लीगमध्ये.

विम्बल्डनची हकिगत याहून सुखाची. टेनिसचं विम्बल्डन तेच हे. तिथला फुटबॉल क्लब मालकांनी उचलून शेकडाभर किलोमीटर लांब दुसऱ्या गावी न्यायचं ठरवलं आणि मे २००२ मध्ये परवानगीही मिळाली. समर्थकांनी ठरवलं, क्लब गेला तर जाऊ द्या, आपण आहोत ना! जूनअखेर त्यांनी चक्क सार्वजनिक माळावर खेळाडूंची निवड ठेवली, दोनशे तीस जण आले. नवव्या पायरीवरून सुरुवात करून २०११ साली ते मुख्य लीगमध्ये पोचले. त्या क्लबाची व्यवस्था समर्थकांच्या संस्थेकडे आहे, एका सभासदाला एक मत, मग त्यानं कितीही पैसे देवोत. नवं मैदान बांधताना पैसे कमी पडले तेव्हा २०२० साली त्यांनी लोकांकडून पन्नास लाख पौंडांहून जास्त कर्ज उभं केलं. पण ते हातउसनं नव्हतं. मुदत किती, व्याज किती, सगळं कागदावर.

(बर्लिनच्या युनियन क्लबच्या लोकांनी तर २००४ साली रक्त देऊन त्याचे मिळालेले पैसे क्लबला दिले. मला काही हे पटलं नाही. आपल्याकडे रक्त विकायला १९९८ पासून बंदीच आहे, आणि ते बरंच आहे. त्याच लोकांनी नंतर दोन हजारांवर माणसं लावून श्रमदानानं मैदान बांधलं, ते मात्र पटलं.)

आता तू म्हणशील, ताई, एका सभासदाला एक मत, दर वेळी ठरलेली रक्कम, वहीत नोंद, हे मी कुठंतरी ऐकलंय! अगं, हा तुझा बचत गटच की! नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर फेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री तुला झोपेतही पाठ असेल. तुझ्या ओट्यावर रात्री अकरापर्यंत जे दहा-बारा पुरुष डोकं खाजवत बसतात, त्यांना हवी असलेली विद्या आत चहा गाळत उभी आहे.

तेव्हा तुझ्या प्रश्नाला सरळ उत्तर. गटातून वीस हजार काढू नकोस. गट कर्ज देतो ते सभासदाला. कागदावर नाव तुझं, अंगठा नाहीतर सही तुझी. क्लबनं हप्ता चुकवला तर बैठकीत मान खाली घालून तू बसणार, क्लब नव्हे. आणि त्या पैशांत शिवणकाम करणारीचे, भाजी विकणारीचेही पैसे आहेत. एका गटाची फेड थकली की बँकही पुढच्या कर्जाला हात आखडते. यजमानांना हे रागानं सांगू नकोस. म्हण, "अहो, क्लबच्या वह्या आधी दाखवा. आमच्या गटात वही दाखवल्याशिवाय एक रुपया कुणाला मिळत नाही."

वही नसेलच. मग ती करून घे. एक जाड बांधणीचं रजिस्टर, डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. पावतीपुस्तक छापून घ्यायला फार पैसे लागत नाहीत. बँकेत खातं दोघांच्या सहीचं, आणि त्या दोघांपैकी एक सही बाईची. हसू नकोस, मी गमतीनं लिहीत नाही. मोबाईलवर कुणा एकाच्या खात्यात वर्गणी जमा करायची पद्धत आता सर्रास झाली आहे, ती मात्र पहिल्या दिवशीच बंद. माणूस कितीही सज्जन असो, त्याच्या घरात दुखणं निघालं की कुठले पैसे कुणाचे ते त्यालाही कळेनासं होतं.

आणखी एक. क्लबची नोंदणी झालेली नसेल तर चार लोकांत वर्गणी मागण्याआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली. गणपती मंडळं दरवर्षी हीच घेतात, त्यामुळे गावात कुणालातरी अर्ज कसा करायचा ते ठाऊक असणारच. कायमचं करायचं तर सात जणांनी मिळून संस्था नोंदवावी. सरकारकडे किंवा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे काही मागायला गेलं की पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचाच येतो.

पण या सगळ्याआधी मैदान! बरीच्या लोकांना हेच उशिरा कळलं. तुमचं मैदान कुणाच्या नावावर आहे? शाळेच्या, नगरपालिकेच्या, ग्रामपंचायतीच्या, का त्या व्यापाऱ्यांच्या मुलांच्या? सात-बारा काढायला सांग, गावठाणात असेल तर मालमत्ता पत्रक. नगरपालिकेच्या विकास आराखड्यात त्या तुकड्यावर 'क्रीडांगण' असं आरक्षण आहे का ते पाहायला सांग. असलं तर अर्धी लढाई तिथंच. नसलं तर चेंडू आणि जर्सी राहू द्या बाजूला, आधी सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज. त्यात आयांच्या सह्या भरपूर हव्यात. शंभर तरुणांचा अर्ज आणि शंभर आयांचा अर्ज यांतला कुठला साहेब आधी उघडतो ते मी पाहिलंय.

राहिले ते पाच हजार. ते परत मागायचे का? माझ्या मते क्लबकडे मागू नकोस, यजमानांकडे माग. दिली वर्गणी परत मागायला गेलं तर माणसाची गावात शोभा होते. पण फीचा खड्डा त्यांनी भरायचा, महिन्याला हजार करून पाच महिन्यांत, हे ठरवून घे. क्लासवाल्यांना हप्त्यानं देते म्हणून सांग, बहुतेक ऐकतात. आणि पुढच्या वर्षापासून घरखर्चाच्या कागदावर 'क्लब' असं एक खानं कर, महिन्याला जेवढं झेपेल तेवढं, शंभर तर शंभर. हौस आहे ना, मग तिला खानं हवं. खान्यातली हौस घर मोडत नाही. डब्यामागचे पैसे मात्र यापुढे डब्यामागे ठेवू नकोस, त्यांना ती जागा आता कळली.

पत्राच्या शेवटी तू एक ओळ अशी टाकली आहेस, की बहुतेक तुलाच ती महत्त्वाची वाटली नसावी. "मोठी मुलगी पण म्हणते मला खेळायचंय, पण तिथं मुली नाहीत." अगं, ही तर तुझी अट! तू हिशेब बघशील, ओटा देशील, सह्या गोळा करशील, त्या बदल्यात आठवड्यातले दोन दिवस मैदानावर एक तास मुलींचा. शाळांच्या सुब्रतो कपातही सतरा वर्षांखालच्या मुलींचा गट असतो, आणि २०२२ साली मुलींचा सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतातच झाला, काही सामने आपल्या नवी मुंबईत. सासूबाई कुरकुरतील. त्यांना एक दिवस मैदानावर घेऊन जा, खुर्ची ने बरोबर. लेकाचा गोलकीपरपणा ज्या मायनं चालवून घेतला ती नातीचंही बघेल, निदान बघून तरी बोलेल.

जर्सीच्या डागांचंही तू विचारलं आहेस. चिखलाचा डाग ओला असताना चोळू नये, आत मुरतो. पूर्ण वाळू द्यावा, ब्रशनं झटकावा, मग गार पाण्यात साबणाच्या चुऱ्यासह अर्धा तास भिजत घालावा. रक्ताचा डाग असेल तर गरम पाणी अजिबात नको, गार पाणी आणि मीठ. हल्लीच्या जर्सी पॉलिस्टरच्या असतात, त्यांना कडक इस्त्री लावू नका, नंबर चिकटून येतो. घामाचा वास जात नसेल तर शेवटच्या पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा. बूट ओले झाले तर उन्हात ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात तळ उकलतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा. आणि अकरा जणांच्या अकरा जर्सी एकटीनं धुऊ नकोस. ज्याची त्यानं धुवायची, गोलकीपरनंसुद्धा.

सात-बारावर कुणाचं नाव निघालं ते मला कळव.




तुमची,
ताई